ओटीतला होन

दुकानाच्या मागच्या भिंतीवर, टांगलेल्या तलवारींच्या खाली, एक पाटी होती. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. "वस्तू पारखून घ्यावी. जुनेपणाची व खरेपणाची हमी नाही. मागाहून तक्रार चालणार नाही." पहिल्यांदा ती मी मनातल्या मनात वाचली. नंतर एकदा त्या दुकानदारानं मला ती सगळ्यांच्या देखत मोठ्यानं वाचायला लावली. आणि शेवटी मी ती माझ्या मनानं, त्याच्याच दुकानात उभी राहून, मोठ्यानं वाचली. त्या शेवटच्या वाचण्यासाठी मला किती थांबावं लागलं, ते इथं लिहून ठेवते.

आमचे हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, निवलं की साचा फोडून आतली वस्तू बाहेर काढायची. घरी आले की कानातनंसुद्धा काळी वाळू निघायची. पण त्यांना एक नाद होता, जुन्या नाण्यांचा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापूस अंथरून त्यावर नाणी ठेवलेली. तांब्याच्या शिवराया, ढब्बू पैसे, राणीच्या छापाचा एक रुपया. रविवारी दुपारी डबा उघडायचे आणि मला हाक मारायचे, "ये, हात लाव. ह्यो पैसा कुणाकुणाच्या कनवटीला हुता कुणास ठाऊक." मी पिठाचे हात पुसून एकेक नाणं तळहातावर घ्यायची.

त्यांच्याशिवाय मी फारशी कुणाशी बोलत नसे. चौथी झाली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मला घरी ठेवून घेतलं. वाचायला येतं, लिहायला येतं. पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घशात भाकरीचा कोरडा तुकडा अडकल्यासारखं व्हायचं. शिवाजी पेठेत लग्न होऊन आले, तिथं तर बाया नळावर उभ्या राहून पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या. मी कळशी भरायची आणि खाली मान घालून यायची.

ह्यांच्या डब्यात होन नव्हता. होन म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातलं सोन्याचं नाणं, बोटाच्या पेरावर मावणारं. तसा होन आपल्याला कुठला मिळायला, असं तेच म्हणायचे. पण देवळाच्या रस्त्याला जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. पन्हाळ्याला जाणारे प्रवासी आधी देवीला येतात, मग त्या दुकानात शिरतात. हे कधीमधी तिथं जाऊन काचेच्या पेटीत बघून यायचे. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. एका शुक्रवारी देवीला गेलो होतो, तेव्हा मला घेऊन आत शिरले.

दुकानदार जाड होता, कपाळाला मळवट भरलेला, बोलणं तुपात घोळल्यासारखं. ह्यांना ओळखत होता.

"या पावणं! आज जोडीनं? वैनींचं गाव कुठलं म्हणायचं?"

ह्यांनी सांगितलं. माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेजवळ. तिकडं निम्मं बोलणं कानडीतनंच होतं.

"आयला! आमच्या हिचं गाव तुमच्या शेजारीच की! म्हंजे ह्या माझी मेव्हणी लागत्यात! अगं ए, भाईर ये. भैन आलीया तुझी!"

मागच्या दारातनं त्याची बायको आली. दुकानाच्या मागं त्यांचं घरच होतं. "बा अक्का," म्हणजे ये ताई, म्हणाली आणि माझा हात धरला. कानडीतलं ते 'अक्का' ऐकून मला एकदम आईच्या अंगणात गेल्यासारखं झालं. मी हसले. त्या दिवशी मी किती हसले, ते आठवलं की अजून दात आवळले जातात.

चहा झाला. मी चौथी शिकलेय, तेसुद्धा मी तिला सांगून टाकलं. मग दुकानदारानं आवाज खाली आणला. "दाजी, तुमास्नी म्हणून दावतो. विकायचा न्हाय. आमच्या देव्हाऱ्यातला हाय. आज्ज्यापास्नं पूजेत हाय. पुऱ्या जिल्ह्यात असला दुसरा न्हाय." आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवलेला होन त्यानं दुरूनच दाखवला. वर हळदकुंकवाचा थर होता. ह्यांनी हात पुढं केला तर म्हणाला, "बिनआंघुळीचं न्हाय शिवायचं, दाजी. द्येव हाय त्यो."

ह्यांचा हात तसाच हवेत राहिला. आठ तास वाळूत राबणारा हात, आणि देवाला शिवायला भ्याला.

मला कळलं की ह्यांना तो हवा आहे. त्यांनी मागितला नसता. ते भिंतीकडं बघत होते. मग पाटीवर बोट दाखवून म्हणाले, "हितं तर हमी न्हाय म्हणून लिवलंय की."

दुकानदार मोठ्यानं हसला. "अवो दाजी! ती पाटी गिऱ्हाइकांस्नी. तुमी गिऱ्हाईक हाय व्हय? तुमी पावणं! मेव्हणीला फशिवलं तर अंबाबाई माझी जीभ झाडील."

हे शब्द मी ऐकले. ह्यांनी ऐकले, त्याच्या बायकोनं ऐकले. दुकानात आणखी कुणी नव्हतं.

देवाचं नाणं पैशानं द्यायचं नाही, सोन्याला सोनंच पाहिजे, असं तो म्हणाला. माझ्या गळ्यात आईनं दिलेली पुतळ्यांची माळ होती. आईकडं तेवढाच दागिना होता आणि तो तिनं मला लग्नात घातला होता. ह्यांनी "नको, नको" म्हटलं. मी माळ काढली. कुणी ओढून घेतली नाही, मीच काढली. मला वाटलं, आईकडचं सोनं माहेरच्या बहिणीच्या घरातच चाललंय.

आणि मग त्यानं ते केलं, ज्यासाठी मी त्याला कधी सोडणार नव्हते. बायकोला म्हणाला, "मेव्हणी पयल्यांदा घरला आलीया. मोकळी धाडतीस व्हय? वटी भर."

तिनं मला आतल्या खोलीत पाटावर बसवलं. कुंकू लावलं. माझ्या पदरात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी घातली. ओटीत एक नाणं घालतातच. नाण्याच्या जागी तिनं तो होन घातला. मी पदर मुठीत धरून कमरेला खोचला. आमच्याकडं माहेरच्या ओटीला वाटेत हात लावत नाहीत, उघडून बघत नाहीत. घरी यायचं, देवापुढं मोकळी करायची. ओटीत काय पडलं ते तपासून बघणाऱ्या बाईला आमच्या गावात कुणी दुसऱ्यांदा घरात घेतलं नसतं.

बाहेर तोवर त्यानं ह्यांच्याकडनं एका चिठ्ठीवर सही घेतली होती. "पुतळ्यांची माळ घेऊन एक जुने नाणे दिले," असं लिहून खाली रबरी शिक्का, पाटीवरच्याच मजकुराचा. "ही कागदाची रीत हाय, दाजी. टॅक्सवाल्यांस्नी दावाय लागती." एक चिठ्ठी त्यानं ठेवली, एक ह्यांना दिली.

होन आमच्या देव्हाऱ्यात बसला. मी रोज त्याला हळदकुंकू वाहायची. ह्यांनी तो बाकीच्या नाण्यांच्या डब्यात घातला नाही. देव झालेल्या नाण्याला कोण नख लावणार?

वर्ष-सव्वा वर्षानं शिवजयंतीला तालमीच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठेवलं होतं. पेठेतल्या लोकांनी आपापल्या घरातलं आणून मांडायचं. ह्यांनी डबा नेला. आदल्या दिवशी आंघोळ करून, देवाची माफी मागून, होनही नेला. मी त्यावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसून दिलं. काचेखाली ठेवला, पुढं कार्ड: "शिवकालीन होन." तिथं नाण्यांची पारख असलेले एक म्हातारे गृहस्थ बाहेरगावाहून आले होते. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ लावलं, आणि ह्यांच्या हातात होन आणि भिंग दोन्ही दिलं.

मी खांबाला टेकून बघत होते. ह्यांनी नाण्याच्या कडेवरनं नख फिरवलं. एकदाच. मग चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांना त्यांच्याच घरातनं बाहेर काढलंय.

"ओतीव हाय," म्हणाले.

जुनी नाणी ठोकून करायचे. हे साच्यात ओतलेलं होतं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं कडेनं बारीक रेघ राहते, ती होती. पितळ, वर सोन्याचं पाणी. असल्या रेघा घासून काढण्यात ह्यांचा जन्म गेला होता. पहिल्याच दिवशी हातात मिळालं असतं तर उंबरा ओलांडायच्या आत कळलं असतं.

गर्दीत वारणानगरच्या साखर कारखान्यातला एकजण होता. तो पुढं आला आणि पाकिटातनं आपला होन काढून शेजारी ठेवला. अगदी तसाच. दोन्हीवर अक्षराच्या बाजूला वाळूचा एक कण बसल्यासारखी तीच पुटकुळी. एकाच साच्यातले. "त्याच दुकानातला," तो म्हणाला. "जिल्ह्यात असला दुसरा न्हाय म्हणाला हुता." त्यानं त्याचा होन ह्यांना देऊन टाकला. साक्ष द्यायला या म्हटलं, तर हात जोडले. "मला गावात हसं करून घ्यायचं न्हाय, पावणं."

हसं आमचं झालं. कोल्हापुरात नाव पडायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर ह्यांना विचारलं, "काय ओतीव, च्या घेणार?" तिथनं पुढं ते नाव चिकटलं. तालमीच्या कट्ट्यावरनं हाका यायच्या, "ओ ओतीव! बायको तरी ठोकीव हाय न्हवं?" काहीजण हसण्यावारी न्यायचे, काहीजणांना खरंच वाटायचं की ह्यांनीच फौंड्रीत ओतून आणला आणि पेठेला बनवायला निघाले. ह्यांनी डबा माळ्यावर टाकला. रविवारी दुपारी झोपायला लागले.

मी त्या दुकानदाराकडं गेले. हे आले नाहीत, मी एकटीच गेले. दुकान भरलेलं होतं, बाहेरगावचे प्रवासी होते. मी होन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो... ह्यो खोटा..." पुढचं निघेना.

त्याच्या तोंडातली मेव्हणी कुठं गेली कुणास ठाऊक. "ओ बाई," म्हणाला. "कवा घेतलासा? काय म्हणून घेतलासा? ती पाटी दिसती का?"

मी मान हलवली.

"चौथी शिकलीया म्हणून सांगत हुतासा न्हवं आमच्या हिला? मग वाचा की. मोठ्यानं वाचा. ह्या पावण्यांस्नीबी कळू दे, मी कुणाला फशिवत न्हाय त्ये."

आणि मी वाचली. का वाचली, माहीत नाही. शाळेत मास्तरांनी उभं केल्यावर वाचतात, तशी. "व-स्तू पा-रखून घ्या-वी." 'जुनेपणाची'वर अडखळले, तर एक प्रवासी बाई हसली. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर दुकानदार म्हणाला, "शाब्बास. आता जावा घरला." मागच्या दारात त्याची बायको उभी होती. माझ्या पदरात तांदूळ घालताना ज्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, तोच हात दाराच्या कडीवर होता.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "ह्याला सोडायचं न्हाय."

"जाऊ दे," म्हणाले. "सही माझी हाय. पाटी हुती. वाचून सही केली."

"वाचून केलीसा. पारखून केलीसा?"

मला स्वतःलाच ते वाक्य नवं होतं. रात्रंदिवस मी ते घोळवत राहिले. पाटी म्हणत होती, पारखून घ्या. बरोबर. पण पारखायला हातात द्यावं लागतं. त्यानं हातात दिलंच नाही. आधी देव केला, मग ओटीत घातला. म्हणजे पाटीवर लिहिलेलं आम्हाला करताच येऊ नये अशी तजवीज त्यानं आधी केली आणि मग पाटी दाखवली.

ग्राहक कोर्टात वकील नसला तरी चालतो असं फौंड्रीतल्या एकानं सांगितलं. ह्यांनी अर्ज लिहिला, मी सांगत गेले तसा. मागणी एकच, आईच्या पुतळ्या परत. मग तारखा सुरू झाल्या. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. दुकानदार यायचा, मळवट लावून, आणि जाताना ह्यांना म्हणायचा, "काय ओतीव, येताय का मोटरसायकलवरनं?" तेही नाव त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

माझी जबानी होणार होती. त्याचा सगळा भरवसा त्यावरच होता. जिन्यात वकिलाला सांगताना मी ऐकलं, "ती बाई? तिच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय. काळजी करू नका." मी खालच्या पायरीवर होते.

तेव्हापासून मी चुलीपुढं बोलायला लागले. गॅस आला होता, पण भाकरी चुलीवरच करत होते. पीठ मळताना म्हणायची, "साहेब, पाटी आमी वाचली हुती." भाकरी थापताना, "साहेब, त्यो म्हणाला..." त्याचा प्रत्येक शब्द मला पाठ होता. पहिल्यांदा कुजबुजत म्हटलं, मग आवाजात. शेजारीण डोकावून बघायची, ही कुणाशी भांडतीय. मी भांडतच होते. तव्यावरच्या भाकरीला त्याचं तोंड समजून उलथनं मारायची. कितीतरी भाकऱ्या फाटल्या, ह्यांनी गुमान खाल्ल्या.

जबानीच्या दिवशी समोर तिघं बसले होते, दोन पुरुष आणि एक बाई. दुकानदाराच्या वकिलानं आधी मांडलं की ही विक्रीच नाही. दोन्ही घरची बायकांकडून ओळख, पाहुण्यापाहुण्यांतली अदलाबदल, त्यामुळं हे ग्राहक नाहीत आणि अर्ज इथं चालतच नाही. मग म्हणाला, आणि समजा चालला, तरी दुकानात ठळक पाटी आहे, चिठ्ठीवर शिक्का आहे, सही आहे. हमी नव्हतीच, तर जबाबदारी कसली?

मला उभं केलं. घशात तो तुकडा आलाच. मी पदर मुठीत धरला, ओटी धरतात तसा. दुकानदार खुर्चीत रेलून बसला होता. त्याच्या ओठांवर हसू होतं. त्या हसण्यानंच माझं तोंड उघडलं.

"साहेब, पाटी आमी वाचली हुती. आमच्या ह्यांनी इचारलं, हमी न्हाय म्हणताय की. तर ह्यो म्हणाला, ती पाटी गिऱ्हाइकांस्नी, तुमी पावणं. मेव्हणीला फशिवलं तर अंबाबाई माझी जीभ झाडील."

"खोटं हाय!" दुकानदार खुर्चीतनं उठला. "असलं कायबी बोललो न्हाय. ही मान्सं गिऱ्हाईक म्हणून आलती, गिऱ्हाईक म्हणून गेली!"

मधल्या साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे हे ग्राहक होते?"

"व्हय तर! माझ्याकडं सगळी गिऱ्हाइकंच येत्यात. पाटी सगळ्यांस्नी सारखीच."

"तुमचे वकील आत्ताच म्हणाले, पाहुणे होते."

वकिलानं त्याचा सदरा मागनं ओढला. मी बघितलं. त्या ओढण्यासाठी मी सगळ्या तारखांना पुन्हा खेपा घातल्या असत्या.

मग त्या बाई बोलल्या. कोल्हापूरच्याच असाव्यात. "बाई, नाणं तुम्ही हातात घेऊन बघितलं होतं का?"

"न्हाय. ओटीत घातलं."

"कुणी?"

"ह्या दुकानदाराच्या बायकोनं. पाटावर बसवून. नारळ घातला, मग होन घातला."

"घरी जाऊन बघितलं नाहीत?"

"देव्हाऱ्यातला हाय म्हणून सांगितलेलं. देव्हाऱ्यात ठेवला. कुकू वाहिलं." आणि मग मी ते म्हणाले, जे मी कधीपासून चुलीपुढं म्हणत होते. "हातात दिलं असतं तर आमच्या ह्यांनी नखानं वळखलं असतं, साहेब. म्हणून तर ओटीत घातलं. ओटीतलं कोण पारखतं?"

त्या बाईंनी दुकानदाराकडं बघितलं. दुकानदारानं पहिल्यांदा मान खाली घातली. मी ती खाली गेलेली मान नीट बघून घेतली. अजून डोळे मिटले की दिसते.

ह्यांनी दोन्ही होन समोर ठेवले, तीच पुटकुळी दाखवली. वारणानगरच्या माणसाचाही जिल्ह्यातला एकमेव होता, हे सांगितलं. साहेबांनी विचारलं, एका देव्हाऱ्यात असे किती देव आहेत? मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

निकाल दुसऱ्या तारखेला लागला. सगळी भाषा मला समजली नाही, पण साहेबांनी वाचून दाखवलेलं एवढं मी धरून ठेवलं: एका तोंडानं खरं आहे म्हणून सांगायचं आणि दुसऱ्या हातानं हमी नाही म्हणून लिहायचं, हे चालत नाही. ठाऊक असून खोटं विकलं, तर पाटीच्या मागं लपता येत नाही. पुतळ्यांची माळ परत द्यावी, खोटं नाणं परत घ्यावं.

दुकानदारानं निरोप पाठवला, माळ घरी आणून देतो. 'ओ बाई'ची मी आता 'ताई' झाले होते. मी उलटा निरोप दिला, "नको. मी दुकानात येते."

शुक्रवार निवडला. देवीचा वार, रस्ता भरलेला. सोबत सोनाराला घेतलं, कसोटीच्या दगडासकट. नळावरच्या दोघी शेजारणी म्हणाल्या, "आमी बी येतो गं, मज्जा बघायला." त्यांच्यामागनं तालमीच्या कट्ट्यावरची माणसं आली. ह्यांना ज्यांनी ओतीव म्हटलं होतं, तीच. मी कुणाला नको म्हटलं नाही. मला ते सगळे हवे होते.

दुकानात प्रवासी होते. दुकानदारानं लगबगीनं पाकीट पुढं केलं. "घ्या ताई, जशी हुती तशी. मिटवून टाकू."

त्याची बायको आतनं हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. ताटात खण होता, नारळ होता. "अक्का, वटी..." म्हणाली.

"ओटी नको," मी म्हणाले. "काउंटरवर ठेवा."

माळ काउंटरवर पडली. मी भिंतीकडं तोंड केलं आणि वाचलं. मोठ्यानं, न अडखळता, 'जुनेपणाची'सुद्धा. "वस्तू पारखून घ्यावी. जुनेपणाची व खरेपणाची हमी नाही. मागाहून तक्रार चालणार नाही." मग सोनाराला म्हणाले, "पारखा. एक एक."

सोनार खाली मांडी घालून बसला. एक पुतळी घासायची, दगडावर रेघ काढायची, औषधाचा थेंब सोडायचा, थांबायचं, बघायचं. मग पुढची. घाई करू नका, म्हणून मी त्याला आधीच सांगितलं होतं. प्रवासी विचारायला लागले, काय चाललंय? शेजारीण सांगायला लागली, अगदी पहिल्यापासून, नळावर सांगतात तसं. कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, "आयला, म्हंजे ओतीव हेनं ओतला व्हय!" गिऱ्हाइकं हातातल्या वस्तू खाली ठेवून एकेक करून बाहेर जायला लागली. दुकानदार पाणी प्यायला, पुन्हा प्यायला.

मला मनातनं वाटत होतं, एक तरी पुतळी खोटी निघावी. निदान एक. पण सगळ्या खऱ्या निघाल्या. सोनारानं तसं सांगितल्यावर मला वाईटच वाटलं.

मी पदराच्या गाठीतनं होन काढला आणि काउंटरवर ठेवला. "पोचल्याची चिठ्ठी द्या."

त्यानं चिठ्ठी लिहिली. "नाणे परत मिळाले."

"कसलं नाणं?"

"नाणंच की, ताई."

"खोटं लिवा."

"अवो..."

"लिवा की पावणं!" कट्ट्यावरच्या माणसांनी आवाज टाकला. "लाजतासा काय? पारखून लिवा!"

त्यानं वर 'खोटे' असं लिहिलं आणि सही केली. त्याचा रबरी शिक्का तिथंच पडला होता. मी तो उचलला, शाईच्या पेटीत दाबला आणि त्याच्या सहीखाली माझ्या हातानं मारला. हमी नाही.

माळ मी तिथंच गळ्यात घातली, त्याच्याच विकायला ठेवलेल्या आरशात बघून. त्याची बायको ताट धरून उभीच होती. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं नाही, तिच्याकडनं लावून घेतलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या आधी पाटी निघाली. मी बघून आले. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आणि तेवढाच फिकट चौकोन होता. पण कोल्हापुरात एकदा पडलेलं नाव निघत नाही, फक्त ते एकाच्या अंगावरनं दुसऱ्याच्या अंगावर जातं. रिक्षावाले सांगायला लागले, "ओतीवच्या म्होरं सोडू का?"

एका रविवारी दुपारी दारात मोटार थांबली. पुण्याकडची माणसं, वाट चुकलेली. त्यांनी ह्यांना विचारलं, देवळाकडच्या रस्त्याला जुन्या नाण्यांचं दुकान आहे म्हणे, कुठं आहे? हे ओसरीवर बसून डब्यातल्या नाण्यांचा कापूस बदलत होते. मी आतनं कान दिला. ते नाव ह्यांनी स्वतःच्या तोंडानं कधी घेतलं नव्हतं.

"ओतीवकडं व्हय?" हे म्हणाले. "सरळ जावा. देवळाच्या अंगाला कुणालाबी इचारा, सांगतील."